तापला की विसरला?

माझ्याकडे येणाऱ्या कॅबिनेटबरोबर बहुतेक वेळा निदानही तयारच येतं. ‘ताई, रॅम गेलीय, बदलून टाका.’ नाहीतर, ‘प्रोसेसर तापतोय, मोठा पंखा बसवा.’ कुणी सांगितलं म्हणून विचारावं तर पुण्यातला जावई, दापोलीत कॉलेजला असलेला पुतण्या, किंवा मोबाइलवरचा एखादा व्हिडिओ. तक्रार मात्र सगळ्यांची एकच: चालता चालता बंद पडतो. आंजर्ल्यात आणि खाडीपलीकडे हर्णै-मुरुडपर्यंत होमस्टेवाले, दाखले काढून देणारे, आंब्याच्या पेट्यांचा हिशेब ठेवणारे, बोटींच्या डिझेलची बिलं सांभाळणारे असे सगळेच कॉम्प्युटर वापरतात, आणि बिघाडाचं वर्णन करायची वेळ आली की सगळे याच चार शब्दांवर येतात.

रॅम आणि उष्णता हे दोन संशयित खरेच आहेत, त्यात जावयाचं काही चुकलेलं नसतं. दोघांच्या खुणाही वरवर सारख्या. स्क्रीन निळी होते, मशीन आपोआप रिस्टार्ट होतं, किंवा माऊससकट सगळं जागच्या जागी गोठतं. पण उपाय वेगळे. उष्णतेला झाडलोट आणि थोडी थर्मल पेस्ट पुरते, रॅमची मात्र नवी पट्टी विकत घ्यावी लागते. चुकीच्या संशयिताला धरलं तर पैसे जातात आणि पंधरा दिवसांनी तेच मशीन पुन्हा माझ्या टेबलावर येतं.

म्हणून मी कॅबिनेट लगेच उघडत नाही. गिऱ्हाइकाला हे आवडत नाही. त्याला स्क्रूड्रायव्हर फिरताना दिसायला हवा असतो. पण आपल्याकडची नेहमीची पद्धत बघा. झाकण काढायचं, ब्लोअर मारायचा, रॅम उपसून तिचे सोनेरी दात खोडरबराने घासायचे, परत बसवायची, पंखा काढून नवी पेस्ट लावायची, झाकण बंद. अर्ध्या तासात मशीन चालू. कशामुळे चालू झालं? धुळीमुळे बंद पडत होतं, पेस्टमुळे, की रॅमचा एक दात नीट टेकत नव्हता म्हणून? कुणालाच सांगता येत नाही, कारण सगळं एकाच बैठकीत बदललेलं असतं. दुखणं दबलं आणि पुरावाही पुसला गेला. पावसाळा संपला की ते दुखणं पुन्हा डोकं वर काढतं, आणि मग ‘हे मशीनच फालतू’ असा शिक्का बसतो.

त्याऐवजी मी आधी एक वही करायला सांगते. बंद पडला की तारीख, वेळ, त्या क्षणी काय चाललं होतं, आणि कसा बंद पडला, एवढंच लिहायचं. निळी स्क्रीन आली असेल तर मोबाइलने फोटो काढायचा. आठवड्याभरात ती वही जे सांगते ते पुष्कळदा कुठलंही सॉफ्टवेअर सांगत नाही. उष्णतेला वेळापत्रक असतं. सकाळी आठला मशीन छान चालतं, दुपारी अडीचला पडतं. टायपिंग करताना पडत नाही, व्हिडिओ बनवताना पडतं. सुरू केल्यावर वीस मिनिटांनी पडतं आणि लगेच पुन्हा चालू केलं तर पाचच मिनिटांत पडतं, कारण मधल्या वेळात ते निवालेलंच नसतं. रॅमचं असं नसतं. ती सकाळी थंडगार असताना विंडोज उघडता उघडताही दगा देईल, नाहीतर तीन दिवस गप्प बसून साध्या ई-मेलवर मशीन पाडेल.

उष्णतेकडे आधी जाऊ, कारण ती तपासायला सोपी. प्रोसेसरच्या आतच तापमान मोजणारे सेन्सर असतात. आजच्या बऱ्याच इंटेल प्रोसेसरची मर्यादा १०० अंश सेल्सिअसच्या आसपास असते. एएमडीच्या कित्येक मॉडेलांची ९० ते ९५. ही मर्यादा गाठली की प्रोसेसर आपला वेग स्वतःच कमी करतो, म्हणजे कमी काम, कमी उष्णता. तरीही तापमान चढतच राहिलं तर तो वीज तोडायला लावतो, आणि हे काम विंडोजला न विचारता होतं. त्यामुळे खऱ्या अतितापाने पडलेलं मशीन सहसा निळी स्क्रीन दाखवत बसत नाही. वायर खेचल्यासारखं पटकन काळं होतं. त्याआधी काही मिनिटं ते रेंगाळलेलं असतं आणि पंखा किंचाळत असतो.

हे संरक्षण पूर्वी सगळ्याच प्रोसेसरांत नव्हतं. २००१मध्ये ‘टॉम्स हार्डवेअर’ने एक व्हिडिओ दाखवला होता, तो त्या काळी आमच्या धंद्यातल्या सगळ्यांच्या तोंडी होता. चालू कॉम्प्युटरच्या प्रोसेसरवरून हीटसिंक (उष्णता ओढून घेणारा धातूच्या पात्यांचा ठोकळा) उचलून काढायचा आणि काय होतं ते बघायचं. पेंटियम ४ मंदावला, पण चालत राहिला. पेंटियम ३ गोठला, तरी वाचला. एएमडीच्या अ‍ॅथलॉनमधून धूर निघाला. आज कुठलाही नवा प्रोसेसर इतक्या सहज जळत नाही. ‘तापून प्रोसेसर उडाला’ असं कुणी सांगितलं तर मी आधी शंका घेते.

आता कोकणाचं. हीटसिंक आणि पंखा प्रोसेसरला खोलीपेक्षा थंड करू शकत नाहीत. खोलीच्या तापमानावर किती अंश चढायचं, एवढंच ते ठरवतात. २४ अंशांच्या खोलीत भर कामात ७० अंशांवर राहणारा प्रोसेसर ३४ अंशांच्या खोलीत साधारण ८०वर जाईल. (काही मोठ्या यंत्रांना नुसती हवा पुरत नाही. पुण्याच्या आयसरमधल्या ‘परम ब्रह्म’ या महासंगणकात थेट प्रोसेसरपर्यंत द्रव नेऊन उष्णता काढून घेतात.) मे महिन्यात लोक म्हणतात, ‘काय हा उकाडा, मशीनला पण सोसवत नाही.’ उकाडा आपल्याला सोसवत नाही, कारण दमट हवेत घाम वाळत नाही. प्रोसेसरला घाम येत नाही. त्याला आर्द्रतेने फरक पडत नाही. थर्मामीटर जे दाखवतो तेवढंच त्याला कळतं.

दमटपणाचं नुकसान दुसऱ्या वाटेने होतं. समुद्रावरून येणाऱ्या हवेत मीठ असतं, मीठ ओल धरतं, आणि ओल धरलेली धूळ भुरभुरीत राहत नाही. हीटसिंकच्या पात्यांमध्ये तिचा चिकट थर बसतो आणि ब्लोअरने तो हलत नाही, ब्रशनेच खरवडावा लागतो. घाटावरच्या मशीनला वर्षाने लागणारी सफाई किनाऱ्यावरच्या मशीनला चार-सहा महिन्यांत लागते. वर पावसाळ्यात उबेला आलेल्या मुंग्या आणि पाली. पंख्यात पालीचं शेपूट अडकलेलं मी पाहिलं आहे, त्याचं वर्णन इथे नको.

तापमान बघायला एचडब्ल्यूइन्फो किंवा कोअर टेम्प हे फुकट प्रोग्राम पुरेसे आहेत. मशीन रिकामं असताना आपल्याकडे ४० ते ५० अंश दिसले तर काळजी नको. भर कामात ८५पर्यंतही मी ओरडत नाही. पण नुसत्या आकड्यापेक्षा तो कसा चढतो ते बघण्यात जास्त माहिती आहे. काम सुरू करताच दोन-तीन सेकंदांत ५०वरून थेट ९५वर उडी गेली, तर प्रोसेसर आणि हीटसिंक यांची गाठच पडलेली नाही: पेस्ट वाळलीय किंवा हीटसिंक एका बाजूने सुटलाय. तेच तापमान दहा-पंधरा मिनिटांत हळूहळू ९५ला पोचलं, तर गाठ पक्की आहे पण उष्णतेला बाहेर पडायला वाट नाही: पात्यांत धूळ, बंद पंखा, नाहीतर भिंतीला चिकटवून ठेवलेलं कॅबिनेट.

दाखले काढून देणाऱ्या एका केंद्रातल्या मशीनचं दुखणं याच वाटेने सापडलं. काम हलकं, अर्ज भरायचे आणि प्रिंट काढायच्या, त्यामुळे सगळ्यांचा संशय रॅमवर होता. वहीत मात्र प्रत्येक नोंदीत ‘आधी खूप स्लो झाला’ असं लिहिलेलं. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये क्रमांक ३७च्या नोंदींची रांग होती. प्रोसेसरचा वेग सिस्टीमने रोखून धरला आहे, असा त्यांचा अर्थ. तापमान बघितलं तर अशीच उडी. हीटसिंक ज्या चार प्लास्टिकच्या खुंट्यांवर बसतो त्यातली एक वर आली होती. ती नीट दाबून बसवली आणि नवी पेस्ट लावली. रॅमला हातही लावला नाही. मशीन सुधारलं, आणि कशामुळे ते या वेळी माहीत होतं.

इव्हेंट व्ह्यूअरबद्दल एक इशारा. तिथे ‘कर्नल-पॉवर ४१’ ही लाल नोंद दिसली की लोक घाबरून त्याचा स्क्रीनशॉट पाठवतात. ती नोंद फक्त एवढंच सांगते की मागच्या वेळी मशीन रीतसर बंद झालं नव्हतं. हे मालकाला आधीच माहीत असतं. तिच्या तपशिलात ‘बगचेक कोड’ शून्य असेल तर मात्र उपयोग आहे: विंडोजला काही लिहायला सवडच मिळाली नाही, म्हणजे वीज तुटली, अतिताप झाला किंवा मशीन गोठलं. शून्याऐवजी कोड असेल तर विंडोजने स्वतः काहीतरी बिनसलेलं पाहून हात टेकले. ‘मेमरी मॅनेजमेंट’, ‘पेज फॉल्ट’, ‘आयआरक्यूएल’ अशी नावं निळ्या स्क्रीनवर आलटून पालटून येत असतील, दर वेळी वेगळी, तर माझा संशय रॅमकडे वळतो. एकच नाव पुन्हा पुन्हा येत असेल तर आधी ड्रायव्हर बघावा.

रॅमचं दुखणं समजायला तिच्या पोटात काय आहे ते पाहायला हवं. प्रत्येक बिट म्हणजे विजेचा एक अतिसूक्ष्म साठा: भरलेला असेल तर एक, रिकामा असेल तर शून्य. हा साठा गळक्या कळशीसारखा असतो, भरला की गळू लागतो. म्हणून मेमरीची व्यवस्था साधारण दर ६४ मिलिसेकंदांत प्रत्येक कप्पा वाचून पुन्हा भरून ठेवते. ८ जीबीच्या पट्टीत असे सुमारे ६,९०० कोटी कप्पे असतात. त्यातला एक जरी जरुरीपेक्षा जोरात गळायला लागला तरी पाळी येण्याआधी तो रिकामा होतो आणि एकाचं शून्य होतं. त्या कप्प्यात विंडोजचा महत्त्वाचा पत्ता असेल तर मशीन पडतं. तिथे काहीच नसेल तर काही होत नाही. म्हणूनच रॅमच्या पडण्याला वेळकाळ नसतो.

आणि त्या कप्प्यात तुमचा फोटो असेल तर? गावातला एक फोटोवाला दरवर्षी कासव महोत्सवाचं चित्रण करतो. ऑलिव्ह रिडलेची पिल्लं वाळूवरून समुद्राकडे निघतात तेव्हा पहाटे आणि संध्याकाळी पर्यटकांची झुंबड असते, आणि त्याचं वर्षातलं मोठं काम तेच. त्याचं मशीन व्हिडिओ तयार करताना पडत होतं. भरपूर काम, उन्हाळा, टपरीवजा स्टुडिओ. सगळं उष्णतेकडे बोट दाखवणारं. पण तापमान ७८च्या वर जाईना. मग त्याने सहज बोलता बोलता सांगितलं, की हल्ली कार्डातले काही फोटो ‘खराब उतरतात’. दाखव म्हटलं. वाळूवरचं पिल्लू वरच्या भागात व्यवस्थित, आणि मधल्या एका आडव्या रेषेपासून खाली सगळं चित्र हिरवट, सरकलेलं. कॅमेऱ्यात तोच फोटो लावला तर स्वच्छ. जेपेग फोटोत पुढचा तुकडा मागच्या तुकड्यावर अवलंबून असतो, त्यामुळे वाटेत एक बिट उलटला तरी त्या जागेपासून खालचं चित्र बिघडतं. कार्डाकडून डिस्ककडे जाताना फोटो रॅममधूनच जातो. म्हणजे फोटो रॅममध्येच विटाळला असावा.

याची घरच्या घरी चाचणी करता येते. एखादी चार-पाच जीबीची फाइल दोन-तीनदा कॉपी करा आणि विंडोजमधल्या ‘सर्टयुटिल’ या आज्ञेने प्रत्येक प्रतीचा हॅश, म्हणजे फाइलमधल्या मजकुरावरून निघणारा ठसा, काढा. सगळ्यांचा हॅश अक्षरशः सारखा यायला हवा. एकीचा जरी वेगळा आला, तर वाटेत कुणीतरी अक्षर बदलतंय. रॅम, केबल किंवा डिस्क. झिप फाइल कधी उघडते, कधी ‘करप्ट’ म्हणते, हेही त्याच जातीचं लक्षण. नुसत्या तापलेल्या प्रोसेसरकडून असं क्वचितच होतं.

एका बिटाची करामत किती मोठी असते याचं प्रसिद्ध उदाहरण बेल्जियममधलं आहे. १८ मे २००३च्या निवडणुकीत स्खारबेक इथे एका उमेदवाराला शक्यच नव्हतं इतकी मतं पडल्याचं यंत्राने दाखवलं. फेरमोजणीत फरक निघाला बरोबर ४,०९६ मतांचा. ४,०९६ म्हणजे दोनाचा बारावा घात, अर्थात तेराव्या स्थानावरचा एकच बिट शून्याचा एक झाला होता. प्रोग्राममध्ये दोष सापडला नाही. बिट आपोआप उलटला असावा, असा निष्कर्ष निघाला. असं आपोआप उलटणं जुनं आहे. १९७०च्या दशकाच्या अखेरीस इंटेलच्या टिमथी मे आणि मरी वुड्स यांनी दाखवून दिलं होतं, की चिपच्या वेष्टनातल्या किरणोत्सारी अंशांतून निघणारे अल्फा कण मेमरीतले बिट उलटवतात. अंतराळातून येणाऱ्या किरणांमुळेही ते होतं.

पण म्हणून दर मंगळवारी पडणाऱ्या मशीनचं खापर आकाशावर फोडू नये. बियान्का श्रोडर आणि गूगलमधल्या सहकाऱ्यांनी २००९मध्ये गूगलच्या हजारो सर्व्हरांचा अभ्यास प्रसिद्ध केला. वर्षभरात आठ टक्क्यांहून अधिक पट्ट्यांमध्ये चुका नोंदल्या गेल्या होत्या, आणि ज्या पट्टीने एकदा चूक केली तीच पुन्हा पुन्हा करत होती. म्हणजे पट्टीतच कायमचा दोष. त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट निघाली, जी मला माझ्या धंद्यात फार उपयोगी पडते: तापमानाचा मेमरीच्या चुकांवर अपेक्षेपेक्षा खूपच कमी परिणाम दिसला. सर्व्हरांच्या मेमरीत चूक पकडून दुरुस्त करणारी ईसीसी सोय असते, म्हणून तिथे या चुका मोजता तरी येतात. आपल्या घरच्या मशीनमध्ये बहुधा ती नसते. चूक होते आणि कुणाला कळतही नाही.

फोटोवाल्याच्या मशीनला मी मेमटेस्ट८६+ लावला. पेनड्राइव्हवरून विंडोजशिवाय चालतो, रॅमच्या प्रत्येक कप्प्यात ठरावीक नमुने लिहितो आणि परत वाचून बघतो. घाईचं काम नाही. रात्रभर ठेवावा, आणि आमच्याकडे इन्व्हर्टरवर ठेवावा. विंडोजची स्वतःची ‘मेमरी डायग्नॉस्टिक’ चाचणीही आहे, ती चटकन होते, पण तिने पास केलेल्या पट्ट्या पुढे नापास होताना पाहिल्यात. इथे ३५ टक्क्यांना पास नसतं. एक चूक दिसली तरी नापास. त्याच्या मशीनवर लाल ओळी आल्या आणि पत्ता दर फेरीत तोच.

तरीही लगेच पट्टी फेकायची नाही. दोन पट्ट्या असतील तर एक काढायची आणि चाचणी पुन्हा. मग तीच पट्टी दुसऱ्या स्लॉटमध्ये. चूक पट्टीबरोबर फिरली तर पट्टी वाईट. पट्टी कुठलीही लावली तरी चूक त्याच स्लॉटमध्ये राहिली तर दोष स्लॉटचा, मदरबोर्डचा किंवा प्रोसेसरमधल्या मेमरी कंट्रोलरचा. बायोसमध्ये एक्सएमपी नावाची वेगवान मांडणी चालू असेल तर ती बंद करूनही बघावं; कित्येक पट्ट्या वाईट नसतात, फक्त त्यांना झेपत नसलेल्या वेगाने पळवलेल्या असतात. आमच्या खाऱ्या हवेत दातांवर येणारी काजळी हाही खरा दोष आहे, खोडरबर उगाच नाही घासत. फक्त तो घासायचा तर बाकी काही न बदलता घासावा, आणि मशीन बंद करून, प्लग काढून.

दोघा संशयितांना वेगळं करायचा माझा आवडता मार्ग प्राइम९५. मूळचा हा प्रोग्राम मर्सेन मूळ संख्या शोधणाऱ्या गणितप्रेमींचा, पण प्रोसेसरला पिळून काढण्यात त्याची बरोबरी नाही. त्यातली ‘स्मॉल एफएफटी’ चाचणी इतक्या छोट्या आकड्यांवर चालते की सगळं प्रोसेसरच्या आतल्या कॅशमध्येच मावतं. रॅमला जवळजवळ सुट्टी, उष्णता मात्र कमाल. ‘ब्लेंड’ चाचणी रॅम भरभरून वापरते आणि त्यामानाने कमी तापवते. स्मॉलमध्ये मशीन पडलं आणि तापमान टोकाला होतं, तर उष्णता. स्मॉल तासभर सुखरूप चाललं आणि ब्लेंडमध्ये चूक आली, तर रॅमची बाजू. जुन्या लॅपटॉपवर हा प्रयोग तापमानावर डोळा ठेवूनच करावा, आणि ९५च्या पुढे गेलं की थांबवावा.

आणि दोन्ही निर्दोष ठरले तर? आमच्याकडे तिसरा संशयित नेहमी एसएमपीएस, म्हणजे कॅबिनेटमधला वीज पुरवणारा डबा. ३ जून २०२०ला निसर्ग चक्रीवादळ आलं, त्यानंतर कित्येक दिवस लाइट नव्हती, आणि आली ती कमी-जास्त होत आली. त्या पावसाळ्यात ‘तापतोय’ म्हणून आलेली बरीच मशीनं खरं म्हणजे वीज पुरत नसल्याने पडत होती. एसएमपीएस थकला की मशीन भर कामातच पडतं, काळं होऊन पडतं, अगदी अतितापासारखं. तापमान ७०ला असताना असं पडलं तर प्रोसेसरला सोडा. कधी पहिले दोन्ही संशयित एकत्रही येतात: पट्टी थंड असताना चांगली आणि ग्राफिक्स कार्डाच्या गरम झोतात अर्ध्या तासाने चुकणारी, अशीही एक जात आहे. गळती उष्णतेने वाढते म्हणून ८५ अंशांच्या पुढे मेमरीला दुप्पट वेळा भरावं लागतं. आणि २०२४मध्ये तर स्क्रीनवरचे संदेशच खोटे निघाले. इंटेलच्या तेराव्या-चौदाव्या पिढीच्या काही डेस्कटॉप प्रोसेसरांवर गेम बंद पडताना ‘व्हिडिओ मेमरी संपली’ असं दाखवत होते, मेमरी शिल्लक असताना. दोष प्रोसेसरला मिळणाऱ्या जादा व्होल्टेजचा होता. कंपनीने तो मान्य केला, मायक्रोकोड दुरुस्त केला आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली.

मला विचाराल तर मी उष्णतेला घाबरत नाही. तापलेलं मशीन काम थांबवतं, एवढंच. वाईट रॅम काम चालू ठेवते आणि आतलं बिघडवत राहते. फोटोवाल्याची पट्टी वॉरंटीत बदलून मिळाली, पण मधल्या महिन्यांतले हिरवट झालेले फोटो परत आले नाहीत. त्यांची कार्डं त्याने पुसून पुन्हा वापरली होती. शिवाय दर आठवड्याला तो बाहेरच्या डिस्कवर जुन्या बॅकअपवरच नवा बॅकअप चढवत होता, म्हणजे चांगल्या फोटोंवर बिघडलेले. त्यामुळे रॅमचा नुसता संशय आला तरी मी पहिली गोष्ट सांगते ती चाचणीची नाही. बॅकअपची डिस्क काढून कपाटात ठेवा, कार्ड पुसू नका, आणि पट्टीचा निकाल लागेपर्यंत त्या मशीनवरून काहीही कुठेही कॉपी करू नका.